जाळी

"चावतंय का वो?"
रेणुका अंकमनं उंबऱ्याबाहेरूनच विचारलं,
कडेवर पोरगी, काखेत विड्यांचं सूप.

नाही म्हटलं असतं
तर महिन्याचे सातशे रुपये पक्के होते.
मी म्हटलं, तोंड आहे, तोंडात दात आहेत,
चावू शकतं.
म्हणून तर म्हणते, आत ये, जागा बघून जा.

नीलमनगरातल्या दोन खोल्या.
नऊ लेकरं, एक मी,
खाटेवर सासरे,
आणि चिंधी.
टॉवेलच्या कारखान्यामागं, कातरलेल्या काठांच्या ढिगात
डोळेही न उघडलेली सापडली, म्हणून चिंधी.
भिंतीवर लेकरांच्या लसींचे कागद लावलेत बघ,
त्यातला दहावा तिचा.

जिन्याखालची जागा तिची.
पोत्याचं अंथरूण, पाण्याला जर्मनचं पातेलं,
पुढं जाळीचं अर्धं दार.
त्या दारापलीकडं एकही लेकरू जात नाही.
चेंडू गेला तरी नाही.
चेंडू मी आणते.

हे दार आधी नव्हतं.

गेल्या चैत्रात, लाईट गेलेली,
फरशीवर चादरी टाकून सगळी आडवी झालेली,
चिंधीही त्यांच्यातच, पाय ताणून.
मी आत गेले, फोडणीपुरती.
मोहरी तडतडली
आणि बाहेर गुरगुर.

वेणू तिच्या अंगावर पालथा पडला होता,
दोन्ही मुठीत कान.
ती हलली नव्हती. फक्त ओठ वर,
आणि घशात ते.
मी पोराला उचललं. ह्यांनी चप्पल उचलली.

खाटेवरून मामा म्हणाले,
"मारू नको रे. सांगालंय ते."

मामा पॉवरलूमवर होते.
उजव्या हाताला साडेतीन बोटं.
"माझं बोट गेलं त्या दिवशी
मागाला कुणी मारलं नाही.
पट्ट्याला जाळी लावली,
तीबी बोट गेल्यावर.
माग सांगत नव्हता.
हे बिचारं आधी सांगालंय,
आन् तू त्याचं तोंड बंद करायलास."

दुसऱ्या दिवशी जुन्या मागाच्या फळ्या उतरवून
साडेतीन बोटांनी त्यांनी हे दार ठोकलं.
तीन खिळे वाकडे आहेत. राहू दे.

चूक वेणूची नव्हती, दोन वर्षांचं ते.
चिंधीची तर नव्हतीच.
मोहरी तडतडायला किती वेळ लागतो?
तेवढा वेळ माझा होता.
आता आधी कडी, मग कढई.
ती मोकळी असेल तेव्हा मी बसलेली असते,
हातात निवडायला भाजीसुद्धा नसते.

लेकरांना शिकवलंय:
कुत्रं धावत आलं की कडुनिंब व्हायचं.
हात खाली, पाय रोवून, नजर जमिनीकडं.
सगळी छान कडुनिंब होतात.
वेणूचा कडुनिंब तेवढा हसून हसून हलतो.

तस्लीमचा इब्बू घरी जाऊन सांगतो,
"अम्मी, आज चिंधी नक्को बोली."
बोलली म्हणतो. गुरगुरली नाही म्हणत.

आणि खरं सांगू रेणुका,
वर्षभरात या घरात चाव्याच्या खुणा तीन.
तिन्ही वेणूच्या.

ती हसली. चप्पल काढून आत आली.
हातापदराला तंबाखूचा वास,
जाळीमागं चिंधी दोनदा शिंकली.
पोरगी खुदकन हसली,
आईच्या कडेवरून वाकली,
बोटं जाळीकडं.

हात मागं, मी म्हटलं.
आज नाही. आधी तिला तुझा वास ओळखीचा होऊ दे,
मग ती आपणहून येते का बघू.
नाही आली तर नाही.

रेणुकानं सूप खाली ठेवलं.
जाळी एकदा हातानं हलवून बघितली,
वाकड्या खिळ्यांपाशी जरा जोरात.
"उद्या कितीला आणू?"

नऊला.
आणि हातात बिस्कीट देऊन पाठवू नकोस.